लक्ष्य २३ कागदावरून गावात आणायचं तर

पुणे

प्रिय सुमन,

सप्रेम नमस्कार. लक्ष्य २३ बद्दलचा, म्हणजे जैवविविधतेच्या निर्णयांत स्त्रियांच्या समान वाट्याबद्दलचा, तुम्हा सगळ्यांचा मसुदा दोनदा वाचला. कॉप-१७ च्या, म्हणजे जैवविविधता करारातल्या देशांच्या सतराव्या परिषदेच्या आधी तो कराराच्या महिला गटाकडे आणि दिल्लीला पर्यावरण मंत्रालयाकडे जायचा आहे, म्हणून फोनवर घाईघाईने बोलण्यापेक्षा सविस्तर लिहिते. त्यातली कळकळ खरी आहे. पण एखाद्या देशाच्या प्रतिनिधीने उचलून वाटाघाटीत जशीच्या तशी मांडावी, अशी एकही ओळ त्यात नाही. आपल्याला काम करायचं आहे ते तिथे.

सुरुवातीची पानं, ज्यांत स्त्रियांचा सहभाग का हवा हे समजावलंय, ती काढून टाक. तो वाद आपण जिंकलेला आहे आणि जिंकलेला वाद पुन्हा मांडला की समोरच्याला तो अजून खुला आहे असं वाटतं. १९९२ च्या कराराच्या प्रस्तावनेतच धोरण ठरवण्याच्या सर्व पातळ्यांवर स्त्रियांचा पूर्ण सहभाग हवा असं म्हटलंय. याच कराराखाली २०१० ला ठरलेल्या आयची लक्ष्यांत मात्र स्त्रिया आल्या त्या १४ व्या लक्ष्यात, आदिवासी आणि स्थानिक समूह, गरीब आणि दुर्बल यांच्या रांगेत, ज्यांच्या ‘गरजा लक्षात घ्यायच्या’ त्यांच्यापैकी एक म्हणून. पुढच्या आराखड्याच्या जुलै २०२१ च्या पहिल्या मसुद्यात २१ लक्ष्यं होती आणि तिथेही स्त्रिया आणि मुली शेवटच्या लक्ष्याच्या शेपटाला होत्या. स्वतंत्र लक्ष्यासाठी महिला गटाने बैठकीमागून बैठक लावून धरलं, कोस्टा रिकाने देश म्हणून पुढाकार घेतला, बाकीचे हळूहळू मागे उभे राहिले. १९ डिसेंबर २०२२ ला माँट्रियलमध्ये कुनमिंग-माँट्रियल आराखडा मंजूर झाला तेव्हा त्यात २३ लक्ष्यं होती आणि २३ वं आपलं होतं. जमीन आणि नैसर्गिक संसाधनांवर स्त्रियांचा समान हक्क आणि प्रत्येक पातळीवर त्यांचं नेतृत्व, हे दोन्ही त्यात स्पष्ट आहे. त्याच परिषदेच्या निर्णय १५/११ ने २०२३ ते २०३० चा लिंगभाव कृती आराखडाही दिला.

म्हणजे ‘का’ संपलं. आता काय, कोणी, कुठल्या पैशातून आणि मोजायचं कसं, एवढंच लिहायचं.

तिथल्या कामाची रीत ठाऊक असली की मसुदा आपोआप आखूड होतो. या करारात मतदानाच्या नियमावर देशांचं आजवर एकमत झालेलं नाही, त्यामुळे सगळं सहमतीने चालतं. एका देशाने हरकत घेतली तरी शब्द चौकोनी कंसात जातो आणि कंसातला शब्द म्हणजे न ठरलेला शब्द. आपण निरीक्षक. देशांचं बोलून झाल्यावर, वेळ उरला तर, दोन-तीन मिनिटं मिळतात. त्यात सुचवलेली भाषा एखाद्या देशाने ‘आमचा पाठिंबा’ म्हणून उचलली तरच सभागृहातल्या पडद्यावरच्या मसुद्यात राहते, नाहीतर इतिवृत्तातही दिसत नाही. म्हणून सभागृहातलं भाषण हे सगळ्यात कमी महत्त्वाचं. खरं काम आधीच्या तीन आठवड्यांत होतं. मसुद्याचा परिच्छेद क्रमांक धरायचा, मूळ ओळ लिहायची, तिच्याखाली आपली ओळ, घातलेले शब्द ठळक आणि काढलेल्यांवर काट. वीस-पंचवीस शब्दांच्या वर जायचं नाही. हे पान महिला गटाला, आपल्या देशाच्या संपर्क अधिकाऱ्याला आणि आणखी दोन-तीन मित्रदेशांना पोचवायचं. संपर्कगटाच्या, म्हणजे अडलेल्या मजकुरावर बसणाऱ्या लहान गटाच्या बैठकीत, तिथे निरीक्षकांना बसू देत असतील तर, मागच्या रांगेत बसून पडद्यावर नजर ठेवायची. ‘यथोचित’ आणि ‘राष्ट्रीय परिस्थितीनुसार’ हे शब्द रात्री अकरानंतर, सगळे थकलेले असताना आत सरकतात. त्यातला एक जरी आपल्या ओळीत शिरला तरी ती ओळ कोणावरच बंधनकारक राहत नाही.

आता ओळ कुठली हवी? माझं ठाम मत आहे की जे आपल्या कायद्यात आधीच आहे तेच आंतरराष्ट्रीय मसुद्यात मागावं. नवीन काही मागितलं की दिल्ली ‘तपासून सांगतो’ म्हणते. देशात कायदा असलेल्या गोष्टीला परदेशात विरोध करणं त्यांना अवघड जातं.

उदाहरण तुझ्या हाताशीच आहे. वनहक्क कायद्याच्या नियमांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर ग्रामसभेची गणपूर्ती (कोरम) निम्म्या सदस्यांची आहे आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. नसतील तर गणपूर्तीच होत नाही. याउलट जैवविविधता कायद्याखाली गावोगावी असणाऱ्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे बघ. २००४ च्या नियमांत अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा सदस्य, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया, म्हणजे दोघी. २०२३ च्या दुरुस्तीने समिती ७ ते ११ जणांची केली. पण नेमणुकीतला एक तृतीयांश आणि बैठकीतला एक तृतीयांश या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. नेमलेल्या बाईची सही घरी रजिस्टर पाठवून घेता येते. गणपूर्तीची अट असली तर बैठकच पुन्हा बोलवावी लागते आणि ती तिच्या सोयीच्या वेळी बोलवावी लागते. म्हणून तुमची पहिली ओळ अशी असू दे: ‘जैवविविधतेसंबंधी स्थानिक निर्णयसंस्थांच्या बैठकीत उपस्थितांपैकी किमान एक तृतीयांश स्त्रिया असणे ही गणपूर्तीची अट असावी.’ मराठीत चौदा शब्द होतात, इंग्रजीतही पंचविशीच्या आत बसेल.

दुसरी ओळ लोकजैवविविधता नोंदवहीबद्दल, म्हणजे गावातली जैवसंपदा आणि तिच्याबद्दलचं लोकांचं ज्ञान जिच्यात नोंदवतात तिच्याबद्दल. तुमच्या मुरबाडकडची शेवळं ही रानभाजीच घे. नोंदवहीच्या तक्त्यात स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, अधिवास, उपयोग, संबंधित ज्ञान, ज्ञानधारक असे रकाने असतात. शेवळाच्या पुढे ‘उपयोग: भाजी’ एवढं लिहून माणूस पुढच्या झाडाकडे जातो. पण शेवळं खाजतं. पहिल्या पावसानंतर कुठल्या उतारावर आणि किती उमललेलं काढायचं, आतला पिवळा-केशरी भाग का फेकायचा, काकडाची फळं किती घालायची म्हणजे खाज मोडते आणि भाजी आंबटढाणही होत नाही, पुढच्या वर्षी यावं म्हणून कंदाला हात का लावायचा नाही, हे सगळं त्या ‘भाजी’ या शब्दाखाली गडप होतं. शेवटच्या रकान्यात नाव लागतं घरातल्या कर्त्या पुरुषाचं, कारण सर्वेक्षण सकाळी अकराला झालं आणि तेव्हा बाया आवणीला होत्या. नाचणी-वरईच्या बियाण्याचंही तेच. कणसं कोणी निवडली, राखेत की कडुनिंबाच्या पाल्यात ठेवली, हे घरातल्या बाईला माहीत असतं, आणि ज्ञानधारक म्हणून नोंद होते सातबारावर नाव असलेल्याची. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री मिळाला तो घरात जपलेल्या देशी बियाण्यांमुळे. ज्या घरांपर्यंत कुठलाही पुरस्कार पोचत नाही, तिथलं ज्ञान नोंदवहीतही पोचत नसेल तर स्थानिक जैवविविधता निधीत उद्या ही संपदा वापरणाऱ्यांकडून लाभाच्या वाट्याचा पैसा आला तरी तो कोणाचा हे ठरवायला आधारच नाही.

मागणी साधी ठेव. ज्ञानधारकाचं लिंग नोंदवा, स्त्रियांची मुलाखत स्त्रियांनी वेगळ्या बैठकीत घ्या, ती वेळ बायांना विचारून ठरवा, आणि नाव छापायचं की नाही ते तिच्या व तिच्या गटाच्या संमतीने. या संमतीवर हटून राहा. औषधी वनस्पतींच्या बाबतीत नावासकट सगळं उघड झालं तर फायदा बाहेरचा घेऊन जातो.

जंगलापुरतंच लिहू नकोस. किनाऱ्यावर मासेमारीची आकडेवारी होड्या, जाळी आणि बंदरावर उतरलेला माल यांवरून बनते. ओहोटीला खाडीच्या चिखलात तिसऱ्या, खुबे, कालवं असे शिंपले काढणाऱ्या बाईकडे होडी नाही, म्हणून ती आकड्यात नाही. मग भराव टाकताना किंवा किनारा ‘संरक्षित’ करताना नुकसानभरपाईच्या यादीतही ती नसते. रायगड-सिंधुदुर्गातल्या कोणाकडून याची दोन पानं मागवून घे, मसुद्याला वजन येईल.

लक्ष्य ३ बद्दल तुम्ही अगदीच जपून लिहिलंय. २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र संरक्षणाखाली आणायचा आहे. तो आकडा गाठण्याची घाई सगळ्या देशांना आहे, कारण क्षेत्राची टक्केवारी मोजायला सोपी आणि मिरवायलाही सोपी. सीमा आखली की सरपण, मोहफूल, पाला, रानभाजी बंद होते ती आधी बाईची. बंदीनंतरचं जास्तीचं चालणंही तिच्याच वाट्याला येतं. स्पष्ट लिहा: नवीन क्षेत्र जाहीर करण्यापूर्वी कोण काय गोळा करतं याची स्त्री-पुरुष अशी वेगळी नोंद झालीच पाहिजे आणि ग्रामसभेची संमती त्या गणपूर्तीनेच घेतली पाहिजे.

मोजमापाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. लक्ष्य ३ ला टक्केवारी आहे. लक्ष्य २३ ची प्रगती मुख्यतः ‘होय-नाही’ छापाच्या प्रश्नांनी टिपली जाते. देशाकडे धोरण आहे का? होय. झालं. धोरण कपाटात असलं तरी उत्तर होयच. सातव्या राष्ट्रीय अहवालांची मुदत २८ फेब्रुवारी २०२६ ठरली होती आणि जागतिक आढावा ऑक्टोबर २०२६ ला आर्मेनियात येरेवानच्या कॉप-१७ मध्ये व्हायचा आहे, तेव्हा याच ‘होय’ची बेरीज समोर येणार. तिच्याशेजारी ठेवायला आपले आकडे हवेत. तुमच्या तालुक्यातल्या समित्यांसाठी एक तक्ता करा: किती स्त्रिया नेमल्या, किती हजर होत्या, किती जणींचं म्हणणं इतिवृत्तात आलं, निधीच्या बँक खात्यावर कोणाची सही चालते आणि पैसा कोणाच्या खात्यात गेला. शेवटचे दोन रकाने भरताना लोक कुरकुरतील. तेच दोन सोडू नका. प्रशिक्षणाला किती बाया आल्या हा आकडा मात्र घालूच नका. त्याने अहवाल जाड होतो, बाकी काही नाही.

जमिनीच्या कागदावरच्या नावाचा मुद्दा थोडक्यात. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांत स्त्रिया जेमतेम १४ टक्के होत्या. वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) प्रमाणे वैयक्तिक हक्काचा दाखला नवरा-बायको दोघांच्या नावे असायला हवा. तुमच्याकडच्या दाखल्यांवर तो तसा आहे का, ते मोजून लिहा. विधवा आणि एकट्या राहणाऱ्या बायांचे दावे किती फेटाळले, तेही वेगळं. ‘स्त्रिया’ म्हणून सगळ्यांना एकाच ओळीत बसवू नकोस. ठाकर, कातकरी बाईची अडचण गावातल्या जमीनदार घरच्या बाईसारखी नसते, आणि लक्ष्य २२ मध्ये आदिवासी आणि स्थानिक समूहांच्या जमिनीवरच्या हक्काचं वाक्य आहेच. २२ आणि २३ एकत्र वाचले तरच तुमच्या बायांना उपयोग.

पैशाबद्दल तुम्ही ‘पुरेसा निधी मिळावा’ लिहिलंय. असं कोणीही लिहितं आणि कोणी नाही म्हणत नाही. केंद्राच्या अर्थसंकल्पात २००५-०६ पासून लिंगभाव विवरणपत्र असतं, ज्यात पूर्णपणे स्त्रियांसाठीच्या योजना एका भागात आणि किमान ३० टक्के तरतूद असलेल्या दुसऱ्या भागात दाखवतात. जैवविविधतेच्या योजना त्या विवरणात दाखवा, ही नेमकी मागणी. आणि दुसरी तितकीच गरजेची: रोपवाटिका, गस्त, बी गोळा करणं ही कामं बचत गटांकडून ‘सहभाग’ म्हणून फुकट करून घेऊ नयेत. मजुरी दराने पैसे द्यावेत. आंतरराष्ट्रीय निधीसाठी परदेशी देणगीची नोंदणी आणि लेखापरीक्षण लागतं, बचत गटाकडे असतं फक्त बचत खातं. म्हणून ग्रामसंघ किंवा प्रभागसंघ या बचत गटांच्या संघांमार्फत लहान अनुदानांची खिडकी मागा, मराठीत अर्ज चालेल अशी.

आता तू एवढं कर. चार पानांच्या वर जाऊ नकोस. पहिल्या पानावर तीनच ओळी: गणपूर्ती, ज्ञानधारकाची नोंद, संरक्षित क्षेत्राआधीची वेगळी नोंद. दुसऱ्यावर तो तक्ता. उरलेल्या दोन पानांत शेवळं, कालवं आणि दाखल्यांचे पुरावे, गावाच्या नावानिशी, बाईच्या नावाशिवाय. बाकीचं सगळं परिशिष्टात. इंग्रजी भाषांतर मी बघते. तक्त्याचे आकडे अर्धे आले तरी पाठव, उरलेले आल्यावर भरू. तीन ओळी आणि शेवळाचा मजकूर मात्र आधी तुझ्या बायांना वाचून दाखव. काकडाच्या प्रमाणाबद्दल आणि बैठकीच्या वेळेबद्दल त्या जे बदल सांगतील ते तसेच ठेव.

तुझीच