घराजवळचा कातळ आणि दोन लांब फळ्या

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन महिना उलटला. उत्तराला उशीर झाला, कारण आधी बर्फ पडला आणि मग तो चक्क टिकलाही. या दोन गोष्टी हल्ली एकत्र क्वचितच जमतात. जमल्या की बाकीची कामं मागे पडतात, त्यात पत्रंही आली. रागावला असशील तर रागाव, पण शेवटपर्यंत वाच.

‘या वयात स्कीइंग आणि कातळ चढणं, हे काय नवीन खूळ?’ असं विचारलंस. प्रश्न रास्त आहे. कॉलेजात आपण केवढाले बेत केले होते, आठवतं? नकाशे जमिनीवर पसरायचे, पेन्सिलीनं रेघा मारायच्या, ही हिमनदी, ती खिंड, ते शिखर. नकाशे घडीवर फाटले, पण आपण काही निघालो नाही. कधी रजा नव्हती, कधी पैसे नव्हते, आणि दोन्ही असले की ‘पुढच्या वर्षी नक्की’. आता बघतो तर घरापासून वीस मिनिटांवर रान आहे. हिवाळ्यात त्यात स्कीच्या वाटा पाडलेल्या असतात, आणि रानाच्या टोकाला जेमतेम पंधरा मीटर उंचीचा एक कातळ आहे. इतकी वर्षं त्याच्या पायथ्याशी गाडी लावून मी फोनवर बोलत बसायचो, बोल!

आधी स्कीबद्दल सांगतो. तुझ्या डोळ्यांपुढे डोंगरावरून सुसाट खाली येणारी चष्मेवाली मंडळी आली असतील. ते वेगळं. मी करतो त्या क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये बुटाचं फक्त पुढचं टोक स्कीच्या फळीला अडकवलेलं असतं, टाच मोकळी. वर नेऊन सोडणारा पाळणा नाही. सपाटी, चढ, उतार, सगळं आपल्याच पायांनी उरकायचं. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, माणूस नुसता चालतोय. मलाही तसंच वाटलं होतं, म्हणून तर पहिल्या दिवशी मी दोनशे मीटरमध्ये सहा वेळा आडवा झालो.

गंमत फळीच्या कमानीत आहे. फळी बाजूनं पाहिलीस तर मधोमध ती वर उचललेली दिसते. नुसतं उभं राहिलं तर तो मधला भाग बर्फाच्या किंचित वर राहतो आणि पुढची-मागची बाजू तेवढी सरकते. पण सगळा भार एका पायावर घेऊन तो झपकन खाली दाबला की कमान दबते आणि मधला भाग बर्फाला टेकतो. तिथे चिकट मेण चोळलेलं असतं. बर्फाचे बारीक कण त्या मेणात रुततात आणि फळी क्षणभर जागीच धरली जाते. त्या क्षणात रेटा द्यायचा आणि दुसऱ्या पायावर स्वार होऊन पुढे सरकत राहायचं. नवशिका नेमका इथेच फसतो. एका पायावर उभं राहायची भीती वाटते, म्हणून तो भार दोन्हीकडे अर्धा-अर्धा वाटून ठेवतो. मग कमान दबत नाही, पाय मागे निसटतो आणि माणूस हातातल्या काठ्यांनी स्वतःला ओढत बसतो. पहिला महिना मी खांदे चोळतच घरी यायचो. शेवटी एका म्हाताऱ्या बाईंनी मला थांबवलं, माझ्या काठ्या काढून घेतल्या, झाडाला टेकवून ठेवल्या आणि म्हणाल्या, ‘आता जा.’ काठ्यांशिवाय तासभर धडपडलो आणि कधीतरी अचानक एक पाऊल लागलं. एकच! पण ते सरकणं इतकं लांब आणि इतकं बिनआवाजी होतं की मी दचकून पडलो.

मेणाचं शास्त्र मात्र माणसाला नम्र करतं. कडक थंडीला हिरवं, जरा कमी थंडीला निळं, शून्याच्या आसपास जांभळं-लाल, आणि बर्फ वितळून पुन्हा गोठलेला असेल तर क्लिस्टर नावाचा चिकट लगदा, जो फळीला कमी आणि बोटांना, बाह्यांना, गाडीच्या दाराला जास्त लागतो. नव्या बर्फाचे कण टोकदार असतात, त्यांना कठीण मेण पुरतं. जुन्या, ओल्या बर्फाचे गोलसर झालेले असतात, त्यांना मऊ मेण लागतं. शून्यावरचा ताजा बर्फ सगळ्यांत वाईट. गेल्या महिन्यात मी घाईत निळ्यावर लाल चोळून निघालो. सावलीत ठीक चाललं होतं, पण उन्हात आलो तशी फळ्यांखाली बर्फाची ढेकळं जमायला लागली. उंच टाचांचे जोडे घालून चिखलातून चालल्यासारखं झालं. शेवटी फळ्या खांद्यावर टाकून, वाटेच्या कडेकडेनं, तीन किलोमीटर चालत परत आलो. कडेकडेनं अशासाठी, की पाडलेल्या चाकोरीतून बुटांनी चालणं हा या रानातला मोठा गुन्हा. मागून येणाऱ्याची चाकोरी मोडते, आणि ती मोडणाऱ्याकडे लोक कसं बघतात ते मी अनुभवलंय. खवल्यांच्या तळाच्या किंवा मधे केसाळ पट्टी लावलेल्या फळ्या घेतल्या तर ही मेणाची कटकट वाचते. तुला मी तशाच देणार आहे.

केसाळ पट्टीची कल्पना नवी नाही बरं का. पूर्वी नॉर्वे-स्वीडनच्या काही भागांत दोन पायांना दोन वेगळ्या फळ्या बांधत. एक लांब, सरकायला. दुसरी आखूड, खाली कातडं लावलेली, रेटा द्यायला. म्हणजे मी महिनाभर झगडून जे शिकलो ते त्या लोकांनी लाकडातच कोरून ठेवलं होतं. त्यांच्यासाठी हा खेळ नव्हताच. शेजारच्या वस्तीवर जायचं, शिकारीला जायचं, तर हेच वाहन. नॉर्वेतच १२०६ साली यादवीच्या धामधुमीत दोन योद्ध्यांनी दोन वर्षांचाही नसेल अशा राजपुत्राला स्कीवरून डोंगरापलीकडे सुखरूप नेलं. त्याची आठवण म्हणून आजही तिथे ५४ किलोमीटरची शर्यत होते, आणि प्रत्येकाच्या पाठीवर किमान ३.५ किलोचं ओझं असावं लागतं. एवढं हलकं दोन वर्षांचं पोर मी तरी पाहिलेलं नाही, पण शर्यतवाल्यांशी कोण वाद घालणार? आणि आपल्या नकाशावरचं ग्रीनलंड आठवतं? ते १८८८ मध्ये नॉर्वेच्या नान्सेननं पाच साथीदारांसह स्कीवरून आडवं पार केलं. निघाला जवळजवळ निर्मनुष्य अशा पूर्व किनाऱ्यावरून, म्हणजे मागे फिरायला जागाच नको. आपण नेहमी त्याच्या उलट केलं. परतीचा रस्ता आधी पक्का करायचो आणि मग निघायचोच नाही.

बर्फ गेला की कातळ. खरं तर त्याच्याबद्दलच लिहायला बसलो होतो. तो तिरका, गुळगुळीत आणि वरकरणी अगदी निरुपद्रवी आहे. धरायला होल्ड जवळजवळ नाहीत, मध्यावर हाताचा पंजा मावेल एवढी एक भेग आहे आणि वर एक छोटा ओव्हरहँग, म्हणजे बाहेर झुकलेला भाग. रोप वर दगडात पक्क्या केलेल्या अँकरमधून खाली सोडलेला असतो, म्हणजे टॉप रोप, त्यामुळे पडलास तरी थोडं लोंबकळण्यापलीकडे काही होत नाही. हे डोक्याला कळतं. पायांना कळत नाही. चार मीटरवर गेलो की उजवा पाय शिलाई मशीनसारखा थडथडायला लागायचा. मग मी काय करायचो, तर कातळाला घट्ट बिलगायचो. छाती, गाल, सगळं दगडाला चिकटवायचं, जणू आईच. आणि तिथेच घसरायचो! कारण अंग दगडाला चिकटलं की भार पायांवरून निघून जातो, बुटाचं रबर दगडावर दाबलं जात नाही आणि पकड सुटते. त्याऐवजी कंबर बाहेर काढायची, टाचा खाली सोडायच्या, सगळं वजन बिनधास्त पायांवर टाकायचं. घसरू नये म्हणून मन जे जे सुचवतं, त्याच्या बरोब्बर उलट. मला एकदम त्या बाईंनी झाडाला टेकवलेल्या काठ्या आठवल्या. एकाच चुकीसाठी मी दोन ऋतूंत दोनदा मार खाल्ला होता.

बुटांच्या रबराची कथा जरा काळी आहे. १९३५ मध्ये इटालियन गिर्यारोहक विताले ब्रामानीचे सहा सोबती आल्प्समध्ये खराब हवामानात गारठून मरण पावले. त्या काळच्या बुटांनी ना धड पकड मिळत होती, ना ऊब. त्यानंतर त्यानं रबराचा खाचांचा तळ तयार केला आणि १९३७ मध्ये तो बाजारात आणला. आज कुठल्याही ट्रेकिंगच्या बुटाखाली तू त्याचेच वंशज बघतोस. दोराचंही तसंच. जुने तागाचे दोर जोराच्या झटक्यानं तुटत, म्हणून पुढे चढणाऱ्यानं पडायचंच नाही असा नियम होता. मग आतून नायलॉनच्या दोऱ्या आणि वरून विणलेलं आवरण असा ताणला जाणारा दोर आला, तो १९५३ मध्ये. झटका दोरच खातो, आपली कंबर वाचते.

अजून एक गोष्ट मला फार आवडते. जर्मनीतल्या फ्रँकनयुरा भागात कुर्ट आल्बर्ट नावाचा एक पोरगा होता. तिथले कडे काही आकाशाला भिडणारे नाहीत, शनिवार-रविवारचे आहेत. एखादी वाट दोराला न लटकता, खिळ्याला हात न लावता, निव्वळ हातापायांनी पूर्ण चढता आली की तो तिच्या तळाशी लाल ठिपका काढायचा. ही १९७५ ची गोष्ट. त्या ठिपक्यावरूनच ‘रेडपॉइंट’ हा शब्द जगभर पसरला. आपण ज्या भव्य कड्यांची चित्रं भिंतीवर लावली, त्यांवर आज लोक जे नियम पाळतात, त्यातला एक अशा घराजवळच्या दगडावर जन्मला. पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोच्या रानातले बोल्डर, म्हणजे सुटे मोठे दगड, तर त्याहून बुटके. शहरातली माणसं सुटीच्या दिवशी तिथे आल्प्सची तयारी करायला जायची आणि हळूहळू त्या दगडांच्याच प्रेमात पडली. मला ती माणसं नीट कळतात.

आता एक कबुली, घरी सांगितलेली नाही. मागच्या उन्हाळ्यात मी कंबरेच्या पट्ट्यातून, म्हणजे हार्नेसमधून, रोप ओवला, आठाची गाठ घेतली आणि गप्पांच्या नादात ती अर्धीच सोडली. दिसायला सगळं जागच्या जागी. हात होल्डवर ठेवला, तेवढ्यात बिले देणाऱ्या, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्या, जोडीदारानं नेहमीप्रमाणे माझी गाठ ओढून पाहिली आणि दोर सरळ त्याच्या हातात आला. दोघेही काही बोललो नाही. मी पुन्हा गाठ बांधली, त्यानं पुन्हा तपासली, आणि त्या दिवशी मी चढलो नाही. नंतर वाचलं की अमेरिकन गिर्यारोहक लिन हिल, जिच्या बोटांत जादू होती असं म्हणतात, तीही १९८९ मध्ये फ्रान्समधल्या एका कड्यावर अशाच अपुऱ्या गाठीमुळे पडली. झाडानं झेललं म्हणून वाचली. पुढे १९९३ मध्ये तिनं अमेरिकेतल्या एल कॅपिटान या प्रचंड कड्यावरची ‘नोज’ ही वाट मोकळ्या चढाईनं, म्हणजे दोर फक्त पडल्यास झेलायला ठेवून, पूर्ण केली. तोवर ते कुठल्याही पुरुषाला किंवा बाईला जमलं नव्हतं. तेव्हा ‘मला येतं’ या भरवशावर कुणीही राहायचं नाही, असं आमचं ठरलंय. चढण्यापूर्वी एकमेकांची गाठ, हार्नेसचं बकल, बिलेची कडी (कॅराबिनर), सगळं हात लावून बघायचं. नुसत्या नजरेनं नाही.

तू लिहिलंस की एकाच दगडावर पुन्हा पुन्हा चढून कंटाळा येत नाही का. तीन वर्षांत मी त्याची डावी बाजू पन्नासेक वेळा चढलो असेन. सकाळी गार असताना रबर चांगलं धरतं, दुपारी तापल्यावर तीच जागा निसटती वाटते. पावसानंतर दोन दिवस तर आम्ही हातच लावत नाही, कारण दगड वाळूचा आहे. ओला झाला की आतून ठिसूळ होतो आणि होल्डच तुटून हातात येतात. एकदा तुटलेला होल्ड परत येत नाही. दगड अमर असतो असं मला वाटायचं, पण याची बरीच काळजी घ्यावी लागते. आणि तो ओव्हरहँग मला अजून जमलेला नाही. हात पोचतो, पाय सुटतात. दर शनिवारी वाटतं, आज होणार. होत नाही. मोठ्या मोहिमेला गेलो असतो तर एकदाच हरून परत आलो असतो. इथे दर आठवड्याला हरायची सोय आहे.

म्हणून सांगतो, ये. नकाशे वगैरे काही नकोत. थंडीत येणार असशील तर सुती कपडे अजिबात आणू नकोस. घामानं भिजले की ते वाळत नाहीत आणि थांबलं की हुडहुडी भरते. अंगाला लागून लोकर किंवा कृत्रिम धाग्याचं काहीतरी, वर वारा अडवणारं एखादं पातळ जाकीट, आणि निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. सुरुवातीलाच ऊब वाटली तर दहा मिनिटांत घामाघूम होशील. पहिल्या दिवशी सपाटीवरच ठेवीन. पडलास की धडपडत उठू नकोस, आधी पाठीवर लोळून दोन्ही फळ्या हवेत सोडव, मग त्या एकमेकींना समांतर, उताराला आडव्या ठेव आणि गुडघ्यावर ये. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. कातळासाठी वसंतात ये. बुटांचं माप आधी कळव, ते घट्ट लागतात, पण तू समजतोस तितके नाही.

मेण मी लावीन. माझी गाठ मात्र तू तपासायची.

तुझा,
जुना नकाशेवाला

ता. क. येण्यापूर्वी पायाची नखं काप. का ते बूट घातल्यावर कळेल.