एक्स-रेवाल्या काकांना

काका, नमस्कार.

नावाने तुम्ही मला ओळखणार नाही, फिल्म बघून कदाचित ओळखाल. मालवणात आमची छोटी खानावळ आहे. उजवं मनगट घेऊन मी दोनदा तुमच्याकडे आले होते.

पहिली फिल्म साफ होती. डॉक्टर म्हणाले, लचक. क्रेप बँडेज आणि मलम यावर आठ महिने काढले. नारळाची कवड खोवणीवर फिरवली की मनगटाच्या वरच्या बाजूला, अगदी मधोमध कळ यायची. कामाचा कंटाळा आलाय हिला, असंही घरात ऐकून झालं. असो.

दुसऱ्या खेपेला तुम्ही जुनी फिल्म मागितलीत. दोन्ही शेजारी शेजारी उजेडावर लावल्यात आणि पेनाच्या टोपणाने दाखवलंत, "मी काय डॉक्टर नाय, पण ह्यां हाड बघ, बाकीच्यांपेक्षा पांढरां दिसता. हाताच्या सर्जनाक दाखव." बाहेर रांग होती, तरी दाखवलंत.

कोल्हापूरला गेलो. एमआरआय झाला. मनगटातल्या आठ छोट्या हाडांपैकी मधलं ल्युनेट. त्याचा रक्तपुरवठा तुटत चालला होता आणि हाड आतून मरत होतं. सुरुवातीला एक्स-रेत हे दिसतच नाही म्हणे. कीनबॉकचा आजार. १९१० साली त्याबद्दल लिहिणारे व्हिएन्नाचे कीनबॉक एक्स-रेचेच डॉक्टर, म्हणजे तुमच्याच खात्यातले!

नारळ खोवून झालं का, हे मी विचारलंच. सर्जन म्हणाले, असं एका कारणावर बोट ठेवता येत नाही. पण कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांत माझं करंगळीकडचं लांब हाड अंगठ्याकडच्यापेक्षा जरा आखूड, त्यामुळे ल्युनेटवर भार जास्त. म्हणून अंगठ्याकडचं हाड दोन-तीन मिलिमीटर कापून आखूड केलं, पट्टी आणि स्क्रूने जोडलं. चांगलं हाड कापायचं म्हटल्यावर नवरा हबकलाच. पण ल्युनेट अजून खचलं नव्हतं, म्हणून एवढ्यावर भागलं. खचून सांधा झिजला असता, तर मनगटातली हाडं काढायची किंवा सांधा कायमचा जखडायचा, हेच पर्याय उरले असते.

प्लास्टर निघाल्यावर बोटं इतकी आखडली होती की चमचा धरवेना. आता भाकरी थापते. मनगट पुरतं मागे वळत नाही, भाकरी एका कडेला जाडच राहते. ती मी नवऱ्याला वाढते.

पुढच्या महिन्यात पट्टी-स्क्रूची नवी फिल्म घेऊन येते. जुन्या दोन्ही जपून ठेवल्यात. तिन्ही शेजारी लावून मला परत एकदा दाखवा. सोबत सोलकढी आणते.

तुमची,
मालवणची खानावळवाली