मंडळीच्या जुन्या वह्यांना चिकटपट्टी नको

संपादक महोदय,
इथल्या ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास लिहिताना सगळी मिशने एकाच माळेत ओवली जातात. बेळगावात १८२० मध्ये आले ते लंडन मिशन. १९०४ मध्ये त्याचे काम अमेरिकन मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाकडे गेले. लुथरन आणि रिफॉर्म्ड या दोन प्रोटेस्टंट पंथांच्या मिश्र वळणाचे बासेल मिशन १८३७ मध्ये धारवाडात उतरले. बाप्तिस्म्याच्या नोंदी शोधताना मंडळी कोणत्या मिशनची हे आधी ताडावे, नाहीतर फुकटचा हेलपाटा.

बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्यांत लोहयुक्त शाई असेल तर बेळगावच्या दमट पावसाळ्यात ती कागद खाते. अक्षराच्या जागी भोक उरते. त्यावर चिकटपट्टी म्हणजे आगीत तेल! तिचा गोंद पिवळा पडतो, काढताना अक्षरेच उपटून येतात. लॅमिनेशनही नकोच. वही सुती कापडात गुंडाळून आडवी ठेवावी. फोटो दिवसाउजेडी, फ्लॅशशिवाय. समास कापू नये, पेन्सिलीतल्या बारीक नोंदी तिथेच असतात.

— एक वाचक, बेळगाव