देवळालीचा ताप : संरक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. संरक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. घरटी एक माणूस फौजेत, अशी गावं या जिल्ह्यात आहेत. एका गावाचं तर नावच आपशिंगे मिलिटरी. त्यामुळे सुट्टीवर आलेले जवान माझ्याकडे येतात. येतात म्हणजे, बहुधा बायको नाहीतर थोरली बहीण घेऊन येते. रात्रीची शेवटची वेळ मागून घेतात. मोबाइल नंबर बायकोचा देतात. गेल्या गणपतीत आलेला एक हवालदार तासभर झोपेबद्दल आणि छातीतल्या धडधडीबद्दल बोलला. मी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहिली, तर त्यानं ती टेबलावरच ठेवली. "मॅडम, कागद नको. कागद निघाला तर आपला एस जातो."

आपल्याला हा 'एस' सांगायला नको, पण हे पत्र इतरही वाचतील. फौजेत माणसाची वैद्यकीय श्रेणी 'शेप' या पाच अक्षरांत मांडतात. एस म्हणजे मन, एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे शरीराची क्षमता, ई म्हणजे डोळे. गुडघा दुखावला तर ए खाली येतो, त्यात कुणाला लाज वाटत नाही. एस खाली आला की बढती, कोर्स, पोस्टिंग तर धोक्यात येतंच, शिवाय बराकीत नाव पडतं ते वेगळं. त्यात मानसोपचार विभागाकडे पाठवायचं तर कमांडिंग ऑफिसरचा, म्हणजे सीओचा, अहवाल जोडावा लागतो, एएफएमएसएफ-१०. म्हणजे झोप येत नाही हे डॉक्टरला सांगायच्या वाटेवर आधी साहेबांचं टेबल लागतं. जवान ती वाट टाळतो आणि साताऱ्यात माझ्या दारात येतो. मी त्याला पुरी पडत नाही, कारण मला फौज शिकवलेली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे : लष्करासाठी मानसशास्त्रज्ञ घडवायचं काम आपण अर्ध्यावर सोडलं आहे.

पहिलं अर्धं मात्र उत्तम केलं, ते मान्य करायला हवं. दुसऱ्या महायुद्धात अधिकाऱ्यांची निवड शास्त्रीय पद्धतीनं व्हावी म्हणून १९४३ मध्ये डेहराडूनला प्रायोगिक मंडळ बसलं. त्यातूनच पुढे आजची डीआयपीआर, म्हणजे डीआरडीओची दिल्लीतली मानसशास्त्रीय संशोधन संस्था, उभी राहिली. एसएसबी, म्हणजे फौजेचे अधिकारी निवडणारी मंडळं, त्यांचे परीक्षक तिथे तयार होतात. एसएसबीला जाऊन आलेल्या कुठल्याही पोराला विचारा. ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद. १२ चित्रांवर १२ गोष्टी, त्यातलं शेवटचं चित्र कोरं. अर्ध्या तासात ६० प्रसंग. समोर बसलेला मानसशास्त्रज्ञ त्या घाईत लिहिलेल्या अक्षरांतून माणूस वाचायला शिकलेला असतो, आणि त्या शिकण्यामागे जवळपास ८० वर्षांची परंपरा आहे. अधिकारी कोण होणार हे ठरवायला एवढी तयारी. तोच अधिकारी, किंवा त्याच्या हाताखालचा शिपाई, दहा वर्षांनी रात्री बंकरमध्ये जागा राहतो तेव्हा त्याच्याशी बोलणाऱ्याची तयारी किती?

संसदेत प्रश्न आला की आपल्या मंत्रालयाच्या उत्तरात उपायांची यादी येते. योग आणि ध्यान, मानसिक सहायता हेल्पलाइन, समुपदेशक, मुंबईच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयातलं लष्करी मानसोपचार केंद्र, मुंबईपासून गोवा-कारवारपर्यंत नौदलाची मानसिक आरोग्य केंद्रं. यादी खोटी नाही. २०२१ मध्ये एका कर्नलच्या अभ्यासात निम्म्याहून जास्त जवान तीव्र ताणाखाली असल्याचं आलं, लष्करानं ते अमान्य केलं, आणि तो मजकूर संकेतस्थळावरून गेलाही. त्या आकड्यावर मी वाद घालणार नाही. यादीतल्या एका ओळीपाशी मात्र मी दर वेळी अडते : धर्मगुरूंना समुपदेशनाचं प्रशिक्षण.

पलटणीतले पंडितजी, ग्रंथीजी, मौलवी साहेब, पाद्री यांच्याबद्दल मला आदरच आहे. जवान त्यांच्यापाशी रडतो, आणि त्यांच्या खोलीत जाताना कुणी बघितलं तरी शेप बदलत नाही. ही फार मोठी गोष्ट आहे. आम्हा पदवीवाल्यांना ती साधलेली नाही. पण नैराश्य आणि देवावरची नाराजी यांत फरक कुठे, दारू कधी सवयीची आणि कधी औषधाची असते, "मी नसलो तर बरं होईल" हे वाक्य ऐकल्यावर पुढचा प्रश्न कोणता विचारायचा आणि बंदूक त्या रात्री कुणाकडे राहील, हे काही आठवड्यांच्या वर्गात हाती येत नाही. मुलकी बाजूला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता लागते. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षणावर दोन वर्षं रुग्णालयात, वरिष्ठांच्या नजरेखाली, आम्ही एम.फिल.ला घासलो. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल.च गेली, आमच्या विषयाला तेवढी मुदतवाढ मिळत राहिली. आता अभ्यासक्रम नव्यानं आखले जात आहेत. लष्करी मानसशास्त्र ही त्यातली स्वतंत्र शाखा करून घ्यायची असेल तर वेळ हीच आहे.

जागा शोधायची गरज नाही. पुण्यात १९४८ पासून एएफएमसी, म्हणजे सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय, आहे, त्याचा मानसोपचार विभाग आहे. डीआयपीआरकडे संशोधन आहे. दोघांनी मिळून दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालवावा, आणि त्यातले निदान सहा महिने उमेदवार पलटणीत राहावा. पाहुणा म्हणून नको. लंगरच्या रांगेत उभा राहावा, रोल कॉल ऐकावा, सुट्टी नामंजूर झालेल्या माणसाबरोबर रात्रीची गस्त चालावी.

आणि त्याला सातबारा वाचता आला पाहिजे. हसू नका. माझ्याकडे आलेल्यांपैकी शत्रूच्या भीतीबद्दल बोललेला माणूस मला आठवत नाही. बोलतात ते बांधाबद्दल. लडाखमध्ये ड्यूटीवर असताना मोबाइलवर फोटो येतो : चुलत्यानं नांगर दोन हात आत घातला. मोजणीची तारीख पडते तेव्हा हा तिकडे, म्हातारा बाप तलाठ्याच्या दारात. दोन महिन्यांची वार्षिक सुट्टी, त्यातली निम्मी तहसील आणि वकिलात जाते, उरलेल्या सुट्टीत बायको बोलत नाही. पुस्तकात याला काहीही नाव असो, बेळगावच्या मराठा सेंटरमधून तयार झालेला पोरगा डिप्रेशन म्हणत नाही, तो म्हणतो, "डोकं जड झालंय." हे ऐकून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला फोन लावणारा मानसशास्त्रज्ञ हवा, नुसत्या प्रश्नावल्या भरून घेणारा नको.

गुप्ततेचं काय, हा खरा कठीण धडा. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. लष्करात मानसशास्त्रज्ञाचा पगार आणि रुग्णाचा पगार एकाच घरातून येतो, आणि सीओ साहेबांना आपली माणसं ठीक आहेत ना हे कळायलाच हवं. काय सांगायचं, काय नाही, कुठल्या शब्दांत सांगायचं, हे शिकवावं लागतं. शिवाय ज्याच्याकडे जवान मन मोकळं करतो त्याचा वार्षिक अहवाल त्याच सीओनं लिहू नये.

त्याच कायद्याचं कलम ११५ म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरा. भारतीय न्याय संहितेतून जुनं कलम ३०९ही गेलं. पण १९५०च्या आर्मी ॲक्टच्या कलम ६४ मध्ये आत्महत्येचा प्रयत्न अजून गुन्हाच आहे. मुलकी माणसाला उपचार आणि वर्दीतल्याला खटल्याची भीती, हे ज्या समुपदेशकाला ठाऊक आहे त्यानं जवानाला "मोकळेपणानं बोल" म्हणायचं तरी कसं?

नाशिकजवळच्या देवळालीत, ब्रिटिशांच्या काळात, परतीच्या जहाजाची वाट बघत गोरे सोजीर महिनोन् महिने पडून असत. न काम, न तारीख. काहींची डोकी फिरत. त्याला ते 'देवळालीचा ताप' म्हणत, आणि वेड लागलेल्याला इंग्रजीत अजून 'डूलॅली' म्हणतात तो शब्द आपल्याच देवळालीचा. ताप हा शब्दही त्यांनी इथूनच उचलला होता. त्या छावणीच्या गावात आज आपलं तोफखान्याचं स्कूल आहे. आता अग्निवीर चार वर्षांसाठी येतो. चौघांतला एक राहणार, तिघे जाणार. त्याच्याकडे तारीख आहे, पण आपण त्या एकात आहोत का हे ठाऊक नाही. शेजारच्या खाटेवरचा मित्र आणि स्पर्धकही तोच.

पुढच्या अधिवेशनात हा प्रश्न पुन्हा येईल. तेव्हा उपायांच्या यादीबरोबर तीन आकडे द्यावेत, एवढी विनंती : तिन्ही दलांत मानसशास्त्रज्ञांची मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि भरलेल्यांपैकी किती जणांनी पलटणीत राहून प्रशिक्षण घेतलं आहे. हवालदाराची चिठ्ठी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तो दिवाळीला येणार होता, आला नाही. सुट्टी मिळाली नाही असं त्याच्या बायकोनं कळवलं.

आपली,
साताऱ्याची एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट