मंत्रिमहोदय, आमची ११७ पोती समुद्राने परत नेली

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार. गेल्या वर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी, आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिनाला, आपण मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या आमच्या चौपाटीवर आला होतात. माइकवरून म्हणालात, "दर रविवारी अकरा वाजता इथे कचऱ्याची गाडी येईल, हा माझा शब्द." मी पहिल्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवल्या होत्या. हे पत्र त्या शब्दाबद्दल आहे.

गेल्याच्या आधीच्या रविवारी अमावस्या होती, दुपारी साडेबाराची भरती. सकाळी ओहोटीला उतरून आम्ही २६ जणांनी ३८ पोती भरली आणि आधीच्या दोन रविवारच्या ७९ पोत्यांशेजारी भिंतीला लावून ठेवली. तीन आठवडे गाडी फिरकलेली नव्हती. साडेअकरालाच पाणी भिंतीला लागलं. गुडघाभर पाण्यात उभं राहून आम्ही पोती वर ओढत होतो, पण भिजलेलं पोतं दोघांनाही उचलत नाही. एकेक आडवं झालं, सुतळ्या सुटल्या आणि तीन रविवारचा कचरा आमच्या पायांतून पुन्हा समुद्रात गेला. आमच्यातला सातवीतला मुलगा रडायला लागला. त्याला मी काय सांगायचं, ते आपण कळवावं.

किनारा साफ करणं म्हणजे बाटल्या उचलणं, असं बऱ्याच जणांना वाटतं. बाटल्यांचं काम तासाभरात आटोपतं, त्या भंगारवालाही नेतो. खरा जीव जातो तो वाळूत गाडल्या गेलेल्या पिशव्यांमध्ये. वर चार बोटं दिसते, खाली हातभर असते. ओढली की फाटते, म्हणून बोटांनी उकरावी लागते. शाम्पूच्या पुड्या, गुटख्याची पाकिटं, कान कोरायच्या काड्या, ओल्या हाताला चिकटून न निघणारे थर्माकोलचे दाणे, कुजलेल्या जाळ्यांचे गुंते. आणि दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे, नखाएवढे त्रिकोण. एका रविवारी बसल्या जागी, हात पोचेल तेवढ्या वाळूत, मी ६४ मोजले.

त्या दुधाच्या पिशवीचंच घ्या. २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत रिकामी पिशवी परत घ्यायची आणि त्यासाठी किमान ५० पैसे द्यायचे, असं ठरलं होतं. माझ्या दूधवाल्याने आजवर मला एकदाही ५० पैसे दिलेले नाहीत, आणि त्याला ते कोणी सांगितलेलंही नाही. पातळ पिशवी वापरली तर पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड. तो भरताना मी कोथिंबीर विकणाऱ्या बाईला पाहिलं आहे. पिशव्या बनवणाऱ्या कारखानदाराला भरताना कधी पाहिलं नाही. १ जुलै २०२२ पासून केंद्राचीही बंदी आली. बंदीवर बंदी आली, पण आमचं पोतं काही हलकं झालं नाही.

हा कचरा किनाऱ्यावर भेळ खाणाऱ्यांनीच टाकलेला नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. तो नाल्यांतून येतो. २६ जुलै २००५ ला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तुंबलेले नाले काय करतात ते साऱ्या मुंबईने पाहिलं. तरीही आमच्या चौपाटीवर उतरणाऱ्या नाल्याच्या तोंडाला आज साधी जाळी नाही. ती मागायला गेले तर एक खातं म्हणतं नाला आमचा नाही, दुसरं म्हणतं भरतीरेषेखालचं आमच्याकडे येत नाही. मग ते कोणाचं? कोळीवाड्यातल्या माणसांच्या डोल जाळ्यात म्हावऱ्याबरोबर पिशव्या येतात, त्यांनी कोणत्या टेबलाशी जायचं?

साहेब, आता माझं सांगते. जूनमध्ये वाळूतली ट्यूबलाइटची काच हातमोज्यातून माझ्या उजव्या तळहातात शिरली. पाच टाके पडले. दवाखान्याचे पैसे मीच भरले, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मी एकटी राहते. पंधरा दिवस हात भिजवायचा नाही म्हटल्यावर भांडी कोणी घासायची, वेणी कोणी घालायची? अंगठा अजून पूर्ण मिटत नाही. ३१ वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं, फळ्यावरच्या माझ्या अक्षराचं कौतुक व्हायचं. हे पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. आणि गाडीची विचारणा करायला कचेरीत गेले तेव्हा ऐकून काय घेतलं? "बाई, तुम्हाला हे करायला सांगितलं कोणी?" वर दम, की सार्वजनिक जागेत कचरा साठवल्याबद्दल तुमच्यावरच कारवाई होऊ शकते. मी जिना उतरून खाली आले आणि फुटपाथवर बसून रडले.

वर्सोव्याला अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये एका वयस्कर शेजाऱ्याला सोबत घेऊन हे काम सुरू केलं. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला. तरीही नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांना काम थांबवावं लागलं होतं, कारण गोळा केलेला कचरा उचलला जात नव्हता आणि स्वयंसेवकांना शिवीगाळ होत होती. ते पुन्हा उतरले, आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे गेली. त्या पिल्लांच्या बातमीमुळे मी घराबाहेर पडले. एवढ्या नावाजलेल्या माणसाची ही गत, तर आमचं कोण ऐकणार? फोटोच्या दिवशी हातमोजे, टोप्या, बिस्किटं, सगळं वेळेवर येतं. मग गाडीलाच डिझेल का मिळत नाही?

आम्हाला सत्कार नको, शाल-श्रीफळ नको. नाल्याच्या तोंडाला जाळी हवी आणि रविवारी अकराला एक गाडी हवी.

येत्या सोमवारी पौर्णिमा आहे, म्हणजे पुन्हा उधाण. आदल्या रविवारी सकाळी सहाला आम्ही उतरणार आहोत. तो मुलगाही येतो म्हणाला आहे. भरती दुपारी बाराच्या सुमारास आहे. गाडी त्याआधी पोचायला हवी. ड्रायव्हरचा फोन नंबर शनिवारपर्यंत कळवावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका