चिऊचा डबा

निशि-कासाई, तोक्यो
14 जून

ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या महिन्यात फोनवर तू विचारलंस, "चिऊ डबा संपवते ना गं?" आणि मी "हो, हो" म्हणून विषय बदलला. आई, तेव्हा ती संपवत नव्हती. एप्रिलात शाळा सुरू झाल्यापासून निम्मा डबा रोज परत यायचा. तुला उगाच घोर नको म्हणून बोलले नाही. आता तिचं जेवण मार्गी लागलंय, तेव्हा सगळं लिहिते.

इथल्या सरकारी शाळेत दुपारचं जेवण शाळेतच मिळतं. त्याला क्यूशोकू म्हणतात. मुलंच पाळीपाळीने पांढरे एप्रन आणि टोप्या घालून वर्गात वाढतात, बाईही त्यांच्याबरोबरच जेवतात. मला ही पद्धत फार आवडते. पण सूप असो की उकडलेली भाजी, त्यात बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. म्हणून शाळेशी बोलून चिऊला घरचा डबा द्यायचं ठरलं. दूध तेवढं ती सगळ्यांबरोबर शाळेतलं पिते.

मी देत होते पोळी-भाजी, नाहीतर बासमतीचा फोडणीचा भात. गरम पोळी फॉइलमध्ये गुंडाळली की जेवणाच्या वेळेपर्यंत वाफेने मधे ओली आणि कडेला चिवट व्हायची. बासमती गार झाला की टणक. शाळेत डबा गरम करून मिळत नाही, आणि जेवायला वीसेक मिनिटंच. बाकी सगळ्यांच्या ताटात करी-राइस आणि हिच्यापुढे मेथी. एकदा जवळ घेऊन विचारलं, तर म्हणाली, "मला मेथी आवडते गं. पण घरी." त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक जपानी आजी राहतात. त्यांच्यासमोर मी एकदा गरम भातावर झाकण लावायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला आणि पंख्याने वारा घालायला लागल्या. वाफ आत कोंडली की तिचं पाणी होतं, अन्न चिकट होतं, उन्हाळ्यात आंबतंही. त्यांचा बेंतो, म्हणजे जपानी डबा, मुळात गारच खायचा असतो, म्हणून गार झाल्यावर चांगलं लागेल असंच त्यात भरतात. इथला तांदूळ आपल्या इंद्रायणीसारखा बुटका आणि चिकट. त्यात अमायलोज नावाचं पिष्ट कमी, म्हणून गार झाला तरी मऊ राहतो.

मग मी त्याच तांदळाचा भात केला, त्यात तू दिलेलं मेतकूट आणि चमचाभर तिळाचं तेल कालवलं. तूप नाही घातलं, ते गार भातात थिजतं. मिठाच्या पाण्याने हात ओले करून तिकोनी गोळे वळले आणि नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाची, पट्टी लावली. चिऊने दोन्ही गोळे संपवले! मेतकूट-भात तिला तान्हेपणापासून ठाऊक, आणि दिसायला इथल्या ओनिगिरीसारखाच, म्हणजे जपानी भाताच्या गोळ्यासारखा.

दर महिन्याला शाळेकडून जेवणाचा तक्ता येतो. त्यात पदार्थांचे लाल, पिवळा, हिरवा असे तीन गट असतात. लाल म्हणजे अंग भरणारं, पिवळा ताकद देणारं, हिरवा तब्येत राखणारं. रविवारी आम्ही दोघी तो घेऊन बसतो. मला अडतं तिथे ती बोट ठेवून हिरागाना, म्हणजे जपानी अक्षरं, वाचते, आणि त्या दिवशी वर्गात जे असेल त्याच्या जवळचं काहीतरी आम्ही ठरवतो. करीच्या दिवशी बटाटा, गाजर, वाटाणा आणि गोडीला किसलेलं सफरचंद घालून दाटसर करी. तळून साखरेत घोळवलेल्या पावाच्या दिवशी घरीच पाव तळला. त्या दिवशी डब्यात कणसुद्धा उरला नव्हता.

पोळी मी सोडलेली नाही, आई. मला ती तिच्या डब्यात हवीच आहे. आजी प्रवासाला बांधून द्यायची ती दशमी आठवली. दुधात भिजवलेली कणीक, म्हणून दुसऱ्या दिवशीही मऊ. गुरुवारी दशमीच्या सुरळ्या देते, आत तिळाची चटणी. चौकोनी रुमालात डबा ठेवून वर गाठ मारायची, अगदी शिदोरीसारखी. गाठ चिऊच मारते. मी मारलेली तिला चालत नाही.

परवा बाईंनी संपर्कवहीत लिहिलंय, की चिऊ आता मैत्रिणींना "हे मेतकूट" म्हणून डबा उघडून दाखवते. वही मी दोनदा वाचली.

बाबांचे मित्र ऑगस्टमध्ये येतायत ना, त्यांच्याबरोबर मेतकूट अर्धा किलो आणि कारळाची चटणी पाठव. शेंगदाण्याची नको, वर्गात एका मुलाला ॲलर्जी आहे. आणि दशमीला दूध किती, गूळ घालायचा की नाही, ते आजीला विचारून कळव. माझ्या दशम्या चौथ्या दिवशी कडक होतात, तिच्या होत नसत.

बाबांना नमस्कार. आजीला चिऊचा पापा.

तुझी,
माई