आईची दाढ वाचवणाऱ्यांनो, मनापासून आभार

मागच्या मंगळवारी आईला घेऊन सीएसएमटीजवळच्या सरकारी डेंटल कॉलेजात गेलो होतो, दाढदुखीने चार दिवस नीट जेवली नव्हती, पण खुर्चीत बसायचीच भीती, कारण आधी एका ठिकाणी काही न सांगता तिची दाढ उपटली होती. इथल्या शिकाऊ डॉक्टर मुलीने आधी काही हातात घेतलंच नाही, स्टूल ओढून समोर बसली, एक्स-रे दाखवून म्हणाली, "काकू, कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत गेलीये, रूट कॅनल केलं तर दाढ वाचेल, नाहीतर काढावी लागेल, तुम्ही सांगा काय करायचं." आईला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं!! शुगरची गोळी घेतली का, नाश्ता केला का, तेही विचारलं. दुखलं की डावा हात वर करा म्हणाली, आईने तीनदा केला आणि ती तिन्ही वेळा खरंच थांबली, परत थोडी भूल दिली. आणि रांगेत आपला नंबर आम्हाला देणारे दादा, आईचा हात धरून उभ्या राहिलेल्या मावशी, गडबडीत तुमची नावंही विचारायची राहिली. तिघांचे खूप खूप आभार. काल आईने भाकरी खाल्ली, अजून दुसऱ्या बाजूनेच चावतेय, पण खाल्ली.